हिऱ्याचे दात आणि दगडाचा दांडा

पिरॅमिडवरचे रील तुमच्याही फीडमध्ये येतच असतील. त्यातलं एक अगदी ठरलेलं असतं. ग्रॅनाइटचा मुठीत मावेल असा गोल तुकडा, त्याच्या अंगावर गरगर फिरत गेलेल्या रेषा, मागे गूढ संगीत आणि वर मोठ्या अक्षरांत प्रश्न: साडेचार हजार वर्षांपूर्वी हे कुणी केलं? कमेंटमध्ये परग्रहवासी हजर असतातच.

तो तुकडा खरा आहे, बरं का. लंडनच्या पीट्री म्युझियममध्ये आहे. फ्लिंडर्स पीट्री नावाचा इंग्रज संशोधक १८८० च्या सुमारास गिझाचे पिरॅमिड मोजायला गेला होता, त्याला तो मिळाला. १८८३ मध्ये त्याने पुस्तक काढलं आणि त्यात आपला तर्क मांडला: इजिप्तच्या कारागिरांकडे नळीसारखं पोकळ गिरमिट असलं पाहिजे, आणि त्या नळीच्या तोंडाला रत्नांचे दात बसवलेले असले पाहिजेत.

नळीचा तर्क बरोबर होता. रत्नांचा बहुधा नाही. शंभर वर्षांनंतर डेनिस स्टॉक्स या ब्रिटिश अभ्यासकाने तांब्याची नळी घेतली, खाली वाळू टाकली आणि आपल्या सुतारांच्या सामत्यासारखं धनुष्याच्या दोरीने ती नळी फिरवत ग्रॅनाइटला भोक पाडून दाखवलं. तांबं ग्रॅनाइट कापत नाही, कापते ती वाळू. तांब्याचं काम फक्त तिला रगडत ठेवायचं. वेळ भयंकर लागतो, तांबं झिजून झिजून जातं, पण भोक पडतं. आणि नळी पोकळ असल्यामुळे मध्ये दगडाचा एक दांडा उभा राहतो. रीलमधला तुकडा म्हणजे तोच दांडा.

मग पीट्रीला रत्नं का सुचली? मला वाटतं, त्याने जुन्या दगडात स्वतःच्या काळातलं यंत्र पाहिलं. कारण तेव्हा हिऱ्याचे दात लावलेला ड्रिल वीसेक वर्षांचाच होता आणि इंजिनिअर मंडळींत त्याची भरपूर चर्चा होती. आजचा भाग त्या यंत्राबद्दल आहे.

जिनिव्हामध्ये जॉर्ज-ऑगस्ट लेशो नावाचा घड्याळ-कारागीर होता. व्हॅशेरॉं कॉन्स्तांतॅं या कंपनीत तो १८३९ मध्ये आला. घड्याळाचे सुटे भाग यंत्रावर एकसारखे बनवायचे, ही त्याची कामगिरी. त्याचा मुलगा रोदोल्फ इंजिनिअर झाला. त्या काळात युरोपात बोगद्यांची धामधूम होती. बोगदा म्हणजे सुरुंग, आणि सुरुंग म्हणजे दारू ठासायला कातळात भोकं. भोकं पाडायची पद्धत एकच: पहार ठेवायची आणि वर घण घालायचा. यंत्रं आली तीही ठोकणारीच.

लेशो बापलेकांनी ठोकणं सोडून दिलं. लोखंडी कडं घेतलं, त्याच्या कडेला हिरे रोवले, ते पोकळ नळीला लावलं आणि फिरवलं. नळीतून पाणी सोडलं, म्हणजे हिरे तापत नाहीत आणि दगडाची पूड धुऊन वर येते. घड्याळात माणकाचे खडे बसतात हे तुम्हाला माहीत असेल. धातूत खडा घट्ट बसवणं त्या घराला नवं नव्हतं. १८६२ मध्ये फ्रान्समध्ये आणि १४ जुलै १८६३ ला अमेरिकेत पेटंट मिळालं.

आता गंमत बघा. त्यांना हवं होतं भोक. मधला दांडा हा कचरा होता. पण काही वर्षांतच खाणवाल्यांच्या लक्षात आलं की भोक गेलं उडत, आपल्याला हवाय तो दांडाच! त्यालाच आपण कोअर म्हणतो.

कारण सोपं आहे. गावात बोअर मारताना तुम्ही पाहिलं असेल: हातोडा खाली दणके देतो आणि हवेबरोबर वर येतो तो भुगा. पाणी लागलं की काम झालं. पण खाली कोळसा आहे का, लोखंड आहे का, थर किती जाड आहे, तिरका आहे की सपाट, भेग कुठे आहे, हे भुग्यावरून नीट कळत नाही. वरचं खालचं सगळं मिसळतं. कोअर मात्र खडक जसा होता तसा, त्याच क्रमाने वर आणतो. १८८६ मध्ये स्वीडनमध्ये क्रेलियसने छोटा, हलका ड्रिल बनवला, जो खाणीच्या आत नेता येई. अमेरिकेत मिनेसोटाच्या मेसाबी डोंगररांगेत एडमंड लाँगइयरने १८९० मध्ये हिऱ्याच्या ड्रिलने पहिलं भोक घेतलं. पुढे तिथे जगातल्या मोठ्या लोखंडाच्या खाणी उभ्या राहिल्या.

पण हिरा कुठला? अंगठीतला चालत नाही. हिरा कठीण असतो, पण चिवट नसतो. त्याच्या स्फटिकाला ठरावीक दिशांनी फुटायची खोड असते. नेमका फटका बसला की दोन तुकडे. ड्रिलसाठी वापरला गेला तो काळा हिरा, कार्बोनाडो. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात मिळणारा, कोळशासारखा दिसणारा, दागिन्याला निकामी. बारीक बारीक स्फटिक एकमेकांत वेडेवाकडे गुंतून तो बनलेला असतो, त्यामुळे सरळ फुटायला त्याला वाटच सापडत नाही. १८९५ मध्ये बाहियात ३,१६७ कॅरेटचा कार्बोनाडो सापडला. दहा वर्षांनी मिळालेला प्रसिद्ध कलिनन हिरा ३,१०६ कॅरेटचा, म्हणजे त्याहून लहान! कलिननचे तुकडे ब्रिटनच्या राजमुकुटात आणि राजदंडात गेले. काळ्याचे तुकडे ड्रिलच्या तोंडाला गेले.

मागणी वाढली तशी काळ्या हिऱ्याची किंमत अनेक पटींनी चढत गेली. त्यातून एक वेगळाच कारागीर तयार झाला, हिरे बसवणारा. लोखंडी बिटमध्ये छिन्नीने खाच करायची, खड्याचा नेमका कंगोरा बाहेर राहील असा तो ठेवायचा, भोवती तांबं ठासायचं. एका बिटला असे सहा-आठ खडे. एक जरी निसटला तर तो खाली बिटखालीच फिरत राहतो आणि बाकीच्यांचे तुकडे करतो. मग नळीच्या टोकाला मेण लावून तो चिकटतो का बघायचं. यंत्र चालवणाऱ्याचं सगळं लक्ष हाताला जाणवणाऱ्या थरथरीवर. मालकाचा जीव त्या खड्यांत आणि मजुराची नोकरीही त्यांतच.

ही अडचण सुटली ती जास्त चांगला हिरा सापडून नाही, तर वाईट हिरा वापरायची युक्ती सापडून. १९३० नंतर आफ्रिकेतून, विशेषतः काँगोतून, बोर्ट नावाचा हलका, बारीक हिरा ढिगाने येऊ लागला. तोवर धातूची पूड दाबून, तापवून घट्ट करायचं तंत्रही तयार झालं होतं. टंगस्टन कार्बाइडसारख्या पुडीत हे बारीक खडे बसवायचे. पुढे तर हिऱ्याची चक्क भुकटीच त्या पुडीत कालवायला लागले. १६ डिसेंबर १९५४ ला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉलने हिरा बनवून दाखवला, आणि नंतर ही भुकटी कारखान्यातून मिळू लागली. काळ्या हिऱ्याचा जमाना संपला.

भुकटीच्या बिटची खुबी मला फार आवडते. शिसपेन्सिल आठवा. लाकूड तासलं तरच शिसं बाहेर येतं. इथेही तसंच: वरचा हिऱ्याचा कण बोथट झाला की त्याला धरून ठेवणारा धातू झिजायला हवा, म्हणजे जुना कण पडतो आणि आतला ताजा, धारदार कण पुढे येतो. बिट झिजतो म्हणूनच कापतो. आता सांगा, खडक खूप कठीण आणि गुळगुळीत असेल तर बिटचा धातू कसा हवा? कडक? नाही, मऊ! असा खडक धातूला खरवडतच नाही. धातू कडक ठेवला तर झिजणार नाही, बोथट कण तसेच राहतील आणि बिट नुसता घासत बसेल. याउलट रेताड, खरखरीत खडकाला कडक धातू लागतो, नाहीतर बिट तासाभरात संपेल.

हे झालं दातांचं. पण माझ्या मते अर्धी लढाई दातांच्या वर, नळीत झाली.

सुरुवातीला नळी एकेरी होती. ती फिरते, आत दांडाही उभा, आणि वरून पाण्याचा लोट. ग्रॅनाइट असेल तर ठीक. पण मध्ये मातीचा, कुजक्या खडकाचा थर आला की फिरणारी नळी त्याला रगडायची आणि पाणी धुऊन न्यायचं. वर यायचे फक्त टणक तुकडे. म्हणजे खडकातलं जे कमकुवत, तेच नेमकं गायब! पेटीकडे बघणाऱ्याला वाटणार, वा, काय मजबूत खडक आहे. मग दुहेरी नळी आली. बाहेरची फिरते, आतली बेअरिंगवर टांगलेली, स्थिर. कोअर आतल्या नळीत अलगद शिरतो.

दुसरी डोकेदुखी वेळेची. नळी भरली की सगळ्या नळ्या वर काढायच्या. ६०० मीटर खोल भोक आणि ३ मीटरची एकेक नळी धरली तर २०० नळ्या. दोन-तीन एकदम काढल्या तरी सोडा, रचा, परत जोडा. तेही दर खेपेला. १९५८ मध्ये लाँगइयर कंपनीने खाणकामासाठी वायरलाइन पद्धत बाजारात आणली. विहिरीत कळशी पडली की गळ टाकून काढतात ना? अगदी तसं. बाहेरच्या नळ्या जागेवरच राहतात. दोरीला पकड बांधून आत सोडायची, ती आतल्या नळीला अडकते, नळी कोअरसकट वर. यासाठी जास्त खडक कापावा लागतो: नेहमीच्या एनक्यू मापात भोक सुमारे ७५.७ मिलिमीटर आणि कोअर ४७.६. पण वाचलेल्या वेळापुढे ते काहीच नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये दिसलं. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री मालपासे धरण फुटलं. चारशेहून अधिक माणसं गेली. धरणाची भिंत चांगली होती, दगा दिला डाव्या काठाखालच्या भेगाळ खडकाने. पायाची भूगर्भीय तपासणी अपुरी राहिली होती. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत डॉन डीअर यांनी कोअर मोजायची एक साधी रीत मांडली: १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, धड तुकडेच धरायचे. दीड मीटर खोदलं आणि असे तुकडे मिळून १०५ सेंटिमीटर भरले, तर खडक ७० टक्के. बाकीचे वर आले असले तरी हिशेबात नाहीत. आणि अट ही की नळी दुहेरीच हवी, नाहीतर तुम्ही खडक मोजत नाही, ड्रिलने केलेली मोडतोड मोजता.

आपल्याकडे हा दांडा हातात घ्यायचा तर कराडला जावं लागेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्यानंतरही तिथली जमीन अधूनमधून हलतच राहिली. धरणाच्या पाण्याशी निगडित भूकंपांसाठी हा भाग जगभर अभ्यासला जातो. खाली नेमकं काय आहे हे बघायला गेल्या दशकात तिथे सुमारे दीड किलोमीटरपर्यंतची नऊ भोकं घेऊन कोअर काढले गेले. रासाटीला सुमारे ९३३ मीटर काळा पत्थर लागला आणि त्याखाली थेट जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. नंतर गोठण्याला एक भोक ३,०१४ मीटरपर्यंत नेलं. त्यात मात्र सलग कोअर काढलेला नाही. सलग कोअर म्हणजे वेळ आणि पैसा, हे गणित आजही सुटलेलं नाही.

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी मातीचा पट्टा असतो. घाटात कापलेल्या दरडीत तुम्ही तो पाहिला असेल. तो मऊ असतो, पाणी त्यातून वाट काढतं, आणि एकेरी नळीच्या जमान्यात तो सर्वात आधी वाहून गेला असता.

कोअर पेटीत रचतात तो पुस्तकाच्या पानासारखा, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. प्रत्येक खेपेच्या शेवटी एक ठोकळा ठेवतात आणि त्यावर खोली लिहितात. जिथे खडक वर आलाच नाही, तिथेही ठोकळा ठेवतात. त्यावर लिहिलेलं असतं, कुठून कुठपर्यंत आणि किती सेंटिमीटर हरवलं. कधी अशी पेटी बघायला मिळाली, तर आधी ते ठोकळे वाचा.

आजच्यापुरतं इतकंच.