घेराचा हिशेब

आषाढात गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव किंवा अर्जुनी मोरगावकडच्या बांध्यांमध्ये चिखलणी जोरात असते. तेव्हा धुऱ्यावर थोडा वेळ उभं राहिलं तरी दोन जातींचे ट्रॅक्टर नजरेस पडतात. एकाची पुढची चाकं बारीक, त्यावर नुसत्या उभ्या रेघा. दुसऱ्याची पुढची चाकंही मागच्यासारखीच तिरप्या जाड पट्ट्यांची, फक्त आकाराने लहान. पहिला टू-व्हील, दुसरा फोर-व्हील. पाहणारे म्हणतात, दुसऱ्यात ताकद जास्त. ते खरंच आहे. पण त्याच्या लहान आणि मोठ्या चाकांमध्ये घेराचा एक पक्का हिशेब बांधलेला असतो. टायर बदलताना तो हिशेब मोडला, की ताकद बाजूला राहते आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे गिअर खर्चात पाडतात. हा हिशेब इथल्या शेतात कसा आला, त्याचा हा मागोवा.

चाकाचा घेर मोजणं या भागाला नवं नाही. लाकडी बंडीच्या चाकावर धाव चढवणारा लोहार तेच करायचा. चाकाच्या कडेवर खडूची खूण करायची, सपाट जागी चाक एक पूर्ण फेरा फिरवायचं आणि खूण परत जमिनीला टेकली की तेवढं अंतर मापून घ्यायचं. लोखंडी पट्टीची कडी करताना तिचा घेर या मापापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवायचा. मग गोवऱ्यांच्या आगीत ती कडी लाल होईपर्यंत तापवायची. तापून फुगली की दोघा-तिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की आरे आणि तुंबा आवळून चाक एकजीव व्हायचं. कमी किती ठेवायचं, हे त्या लोहाराच्या हातात होतं. जास्त कमी ठेवलं तर आरे वाकायचे, पुरेसं कमी ठेवलं नाही तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव निसटायची.

मात्र हे सगळं माप एकेका चाकापुरतं होतं. बंडीची दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात. एक चाक जरा लहान झालं तर बंडी कलते, बैलांना ओढ थोडी वाकडी लागते, पण मोडत काही नाही. लहान चाक जास्त फेरे घेतं, मोठं कमी, आणि दोघांची एकमेकांशी काही भांडणं होत नाहीत.

रबर आलं तेव्हाही ही मोकळीक तशीच राहिली. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतलं होतं, पण ते वापरात रुळलं नाही. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली आणि ती सायकलमार्गे जगभर गेली. १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला डनलॉपचा कारखाना उभा राहिला आणि टायर आपल्याकडेच बनू लागले. पुढे खेड्यात टायरबंडी आली. तिला मोटारींची जुनी चाकंही चालायची. रिमवर बसतं ना, हवा धरतं ना, मग झालं. टायर निवडण्याची आपली जी रीत पडली, ती इथे पडली.

ट्रॅक्टरने ही रीत मोडली नाही, उलट पक्की केली. सुरुवातीचे ट्रॅक्टर लोखंडी दातेरी चाकांवर चालत. त्यांना हवेचे टायर बसले ते १९३२ मध्ये अमेरिकेत, अ‍ॅलिस-चामर्स कंपनीच्या ट्रॅक्टरवर. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना, म्हणून कंपनीने शर्यतीतले नामांकित ड्रायव्हर बार्नी ओल्डफील्ड यांना ट्रॅक्टरवर बसवलं. १९३३ मध्ये त्यांनी तो ताशी १०० किलोमीटरच्या वर पळवून दाखवला. भारतात १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरने ट्रॅक्टर बनवायला घेतले. १९६३ मध्ये महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी मुंबईत सुरू झाली. पुढे महिंद्राचे ट्रॅक्टर नागपुरातही बनू लागले, म्हणजे गोंदियाच्या दारात.

या टू-व्हील ट्रॅक्टरांपैकी बहुतेकांच्या पुढच्या टायरवर एक आकडा सापडतो : ६.००-१६. टायरची रुंदी सहा इंच, रिमचा व्यास सोळा इंच. हाच आकडा दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या टायरवर होता आणि त्याच वंशातल्या महिंद्राच्या जीपवरही. रिम एकाच मापाची, म्हणून जीपचं टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर चढतं. वजन पेलण्याच्या दृष्टीने हे बरं नाही, पण गिअरचं त्यात काही बिघडत नाही, कारण टू-व्हील ट्रॅक्टरचं पुढचं चाक बंडीच्या चाकासारखंच मोकळं असतं. त्याचं काम टेकू देणं आणि दिशा बदलणं.

जीपचं मात्र तसं नाही. फोर-व्हीलचा दांडा टाकला की जीपचे पुढचे आणि मागचे दोन्ही अ‍ॅक्सल एकाच गतीने फिरायला बांधले जातात. म्हणून तिची चारही चाकं एका घेराची असावी लागतात. नागझिऱ्यात पर्यटकांना फिरवणारी मारुती जिप्सी, १९८५ मध्ये आलेली, याच घडणीची. मातीच्या रस्त्यावर चाक जरासं घसरतं आणि घेराचा बारीकसारीक फरक त्या घसरण्यात जिरून जातो. तीच जिप्सी दांडा न काढता डांबरी रस्त्यावर पळवली, की फरक जिरायला जागा उरत नाही आणि ताण गिअरवर येतो. चालकांना हे अनुभवाने ठाऊक असतं. मागे दोन नवी टायरं आणि पुढे दोन झिजलेली, यानेही तेच होतं, हे कमी जणांच्या ध्यानात येतं.

मग ट्रॅक्टरला जीपसारखी चार सारखी चाकं का लावली नाहीत? काहींनी लावली. इंग्लंडमध्ये काउंटी कंपनीने चार सारख्या मोठ्या चाकांचे ट्रॅक्टर बनवले आणि ते चांगलं काम करत. पण मोठं चाक पुढे बसवलं की ते वळायला जागा खातं, आणि गोंदियाच्या लहान लहान बांध्यांमध्ये जागाच तर नसते. ट्रॅक्टरची ओढ मागच्या चाकांवर येते, म्हणून ती मोठी हवीत. पुढची लहान असली की ट्रॅक्टर थोडक्यात वळतो. दोन्ही साधायचं तर एकच वाट उरते : चाकं वेगवेगळ्या मापाची ठेवायची आणि लहान चाक गिअरने जास्त वेगाने फिरवायचं. इटलीच्या सामे कंपनीने १९५२ मध्ये चारही चाकांना ओढ देणारा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच दशकात इंग्लंडमध्ये फोर्डसन ट्रॅक्टरला फोर-व्हील करताना युद्धातून उरलेल्या अमेरिकन लष्करी ट्रकांचे पुढचे अ‍ॅक्सल वापरले गेले. भातशेतीला लागणारे लहान फोर-व्हील ट्रॅक्टर जपानने घडवले. त्यातल्या काहींत तर स्टिअरिंग पुरेसं वळवलं की पुढची चाकं आपोआप जवळपास दुप्पट वेगाने फिरून ट्रॅक्टर जागच्या जागी वळवतात. कुबोटा कंपनी २००८ मध्ये भारतात आली, आणि आता आपल्या कंपन्याही फोर-व्हील बनवतात.

आता तो हिशेब. चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरच्या फोर-व्हील ट्रॅक्टरला मागे १३.६-२८ आणि पुढे ८.००-१८ अशी जोडी पुष्कळदा असते. हिशेबापुरता मागच्या चाकाचा घेर ४ मीटर आणि पुढच्याचा २.५ मीटर धरू. मागचं चाक एक फेरा घेईल तेवढ्यात पुढच्याने १.६ फेरे घेतले, तर दोघं सारखं अंतर कापतील. पण कारखानदार गिअर १.६ चा ठेवत नाही, जरा वर ठेवतो. समजा १.६४. मग मागचं चाक ४ मीटर जाताना पुढचं ४.१० मीटर जाऊ पाहतं. हा अडीच टक्क्यांचा पुढावा मुद्दाम दिलेला असतो. वळताना पुढच्या चाकांचा रस्ता लांबचा असतो, आणि चिखलात पुढच्या चाकांनी ट्रॅक्टर ओढावा, मागच्यांनी त्यांना ढकलत नेऊ नये, हाही हेतू असतो. साधारण १ ते ५ टक्के पुढावा बरा समजला जातो. तो शून्याखाली जाऊ द्यायचा नाही.

शून्याखाली गेला तर काय होतं? मागची चाकं पुढे पळू पाहतात, पुढची अडवून धरतात. इंजिनाची ताकद मागच्या चाकांतून जमिनीत, जमिनीतून पुढच्या चाकांत आणि तिथून परत गिअरबॉक्समध्ये अशी फिरत राहते. डिझेल जळतं, काम होत नाही. कडक जमिनीवर दांडा काढायला गेलं तर निघत नाही, कारण दात एकमेकांवर दाबून बसलेले असतात. बांधीच्या चिखलात हे जाणवत नाही, चिखल सगळं लपवतो. घरी परतताना दांडा तसाच राहिला, की कडक रस्त्यावर दाब खरा सुरू होतो.

आणि शून्याखाली जायला फार काही करावं लागत नाही. टायरवरच्या पट्ट्या १ सेंटिमीटर झिजल्या की चाकाचा घेर सुमारे ६.३ सेंटिमीटरने घटतो. मागच्या ४ मीटरच्या चाकाला हे दीड टक्का. पुढच्या २.५ मीटरच्या चाकाला तेच अडीच टक्के, म्हणजे जेवढा पुढावा दिला होता तेवढाच. शिवाय पुढचं चाक जास्त फेरे घेतं. आता कल्पना करा, शेतकऱ्याने पैसे जमवून मागची दोन नवी टायरं घेतली, ती दिसायला मोठी आणि महत्त्वाची म्हणून, आणि पुढची जुनी झिजलेली तशीच ठेवली. नवं टायर घालून त्याने ट्रॅक्टरचं नुकसान सुरू केलं. यात त्याचा दोष कसा म्हणावा? बंडीपासून टू-व्हीलपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या जे खरं होतं, तेच त्याने केलं. त्याला हे सांगायला हवं होतं ते विकणाऱ्याने.

आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये, याचंही कारण आहे. टायरच्या कडेवर छापलेला १३.६-२८ रुंदी आणि रिम सांगतो, घेर सांगत नाही. दोन कंपन्यांची एकाच आकड्याची टायरं घेरात एक-दोन टक्क्यांनी वेगळी निघू शकतात. आकड्यांमधली रेघ साध्या प्लायची, तिच्या जागी आर असेल तर टायर रेडियल. एकाच्या जागी दुसरं घालताना घेर बदलू शकतो. धानासाठीची आर-२ वर्गाची टायरं खोल पट्ट्यांची असतात, साध्या आर-१ च्या जवळजवळ दुप्पट खोल, आणि त्याने चाक थोडं मोठंही होतं. ती घ्यायची तर पुढे-मागे दोन्हीकडे, कंपनीने सांगितलेल्या जोडीतच.

उलटही घडतं : आकडे वेगळे आणि घेर सारखा. पोर्शेची १९८९ ची ९११ कॅरेरा ४ ही चारही चाकांना ओढ देणारी मोटार. तिला पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६ अशी टायरं होती. मागची दोन सेंटिमीटरने जास्त रुंद. पण टायरची उंची रुंदीच्या टक्क्यात मोजतात. २०५ चे ५५ टक्के ११२.७५ मिलिमीटर, २२५ चे ५० टक्के ११२.५. चाकाच्या पूर्ण व्यासात फरक अर्धा मिलिमीटर. जर्मनीच्या महागड्या मोटारीचा आणि सडक अर्जुनीच्या ट्रॅक्टरचा नियम एकच आहे : रुंदी हवी ती घ्या, घेर मशीनच्या गिअरने ठरवलेला आहे.

चिखलणीच्या वेळी मागच्या चाकांना लावतात ते केजव्हीलही या हिशेबात येतं. त्याचा व्यास टायरपेक्षा मोठा असेल तर मागचा घेर वाढला, पुढावा गेला. पातळ चिखलात चाकं घसरत असल्याने ते खपतं. पण जिथे खाली कडक थर लागतो, तिथे आणि धुरा चढताना तो ताण पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो. केजव्हील लावून डांबरी रस्त्याने जाण्याने रस्ता फाटतो, ते वेगळंच.

हे तपासायला यंत्र लागत नाही. ट्रॅक्टर सपाट, कडक जागी आणा, खळ्याची जमीनही चालेल. चारही टायरांत कंपनीने सांगितलेली हवा भरा. पुढच्या आणि मागच्या एकेका चाकावर खडूची खूण करा. फोर-व्हीलचा दांडा काढून ठेवा आणि ट्रॅक्टर सरळ, हळू चालवा. मागचं चाक बरोबर दहा फेरे घेईल तोवर पुढच्याचे किती फेरे झाले ते एकाने मोजत चालावं, शेवटचा अर्धामुर्धा फेराही सोडू नये. समजा पुढचे १६ झाले, तर १.६. हा आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत किंवा विक्रेत्याकडे मिळणाऱ्या गिअरच्या आकड्यापेक्षा थोडा कमी असला पाहिजे, एक ते पाच टक्क्यांनी. बरोबरीला आला किंवा वर गेला, तर पुढची टायरं बदलण्याची वेळ झाली.

गोंदियात जुना फोर-व्हील ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने किंमत ठरवण्याआधी ही मोजणी करावी, त्यात फार वेळ जात नाही. नवी टायरं घेताना दुकानदाराला नुसता आकडा न सांगता ट्रॅक्टरचं मॉडेल सांगा आणि त्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेली पुढची-मागची जोडीच मागा. पैसे एकाच जोडीपुरते असतील आणि पुढची टायरं झिजलेली असतील, तर आधी पुढची घ्या. आणि विक्रेत्यांना विनंती : गिअरचा तो एक आकडा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मराठीत ठळक छापून द्या.