गरोदरपणातील तिखट आहार : समज, गैरसमज आणि घ्यावयाची काळजी

गरोदर स्त्रीने तिखट खावे की नाही, हा प्रश्न मराठी घरांत बहुधा पहिल्या महिन्यापासूनच चर्चेला येतो. एकीकडे ठेच्याचे, चिंचेच्या आमटीचे डोहाळे कौतुकाने पुरवले जातात. दुसरीकडे तिखटाने बाळाला चटका बसतो, त्याच्या डोळ्यांना इजा होते, अशी ताकीदही वडीलधाऱ्यांकडून मिळते. नेहमीच्या जेवणातील मिरचीमुळे गर्भाला इजा होते, या समजुतीला वैद्यकशास्त्रात आधार नाही. तिखटाचा त्रास होतो तो प्रामुख्याने मातेच्या पचनसंस्थेला आणि तो बहुतांशी टाळता येतो. याहून गंभीर धोके तिखटाच्या आडून येतात. दूषित पाणी, मसाल्यांतील भेसळ, अपुरे पोषण आणि ‘पित्त’ समजून अंगावर काढलेला रक्तदाबाचा विकार हे त्यांतील प्रमुख होत.

बरगी परिसर आणि तेथील ताट

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात, जबलपूर-नागपूर मार्गावर बरगी हे गाव आहे. नर्मदेवरील बरगी धरण आणि त्याचा ‘राणी अवंतीबाई लोधी सागर’ हा जलाशय यांमुळे ते सर्वपरिचित आहे. जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतील अनेक गावे या जलाशयासाठी विस्थापित झाली. त्यांत गोंड कुटुंबांची संख्या मोठी होती. हा महाकोशलचा भाग आणि विदर्भ १९५६ पर्यंत एकाच प्रांताचे घटक होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. आजही दोन्ही भागांतील ताटांत एक साम्य दिसते. नर्मदाकाठी कोदो-कुटकीची पेज किंवा भात आणि त्यासोबत टोमॅटो-मिरचीची चटणी. विदर्भात ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

घरात डाळ, भाजी किंवा मासळी कमी असली की, तिखट चटणीच्या आधाराने धान्य घशाखाली उतरते. पोट भरते; परंतु गर्भवतीला लागणारी प्रथिने, लोह आणि कॅल्शियम त्यातून पुरेसे मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय होता. मध्य प्रदेशात हे प्रमाण ५२.९ टक्के, तर महाराष्ट्रात ४५.७ टक्के आढळले. त्यामुळे या भागात तिखटाचा विचार करताना मिरची किती, या प्रश्नासोबतच तिच्याबरोबर ताटात आणखी काय आहे, हा प्रश्नही विचारावा लागतो.

तिखटपणा म्हणजे काय

मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत ती भारतात आली. त्याआधी येथील स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले वापरले जात असे. मिरचीचा तिखटपणा ‘कॅप्सायसिन’ या द्रव्यामुळे येतो. जिभेवरील व आतड्यांतील ज्या चेतातंतूंना उष्णता व वेदना जाणवते, त्यांवरील विशिष्ट ग्राहकाला हे द्रव्य उद्दीपित करते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधून काढला. या संशोधनासाठी त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासमवेत २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची खाल्ल्यावर जाणवणारा दाह म्हणजे चेतातंतूंनी मेंदूला दिलेला उष्णतेचा संदेश होय. प्रत्यक्ष भाजण्याची क्रिया तेथे घडत नाही. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नसल्यामुळे पाणी पिऊन तोंडाची आग शमत नाही. दूध किंवा दही घेतल्यास आराम पडतो.

गर्भ जठरात नसून गर्भाशयात, गर्भजलाच्या वेष्टनात वाढत असतो. खाल्लेले अन्न त्याच्यापर्यंत थेट पोहोचत नाही. त्यामुळे बाळाला चटका बसणे, त्याचे डोळे अधू होणे किंवा त्वचेवर डाग उठणे या समजुती निराधार ठरतात. नेहमीच्या प्रमाणातील तिखटाने गर्भपात होतो, असेही आढळलेले नाही.

आईच्या आहारातील काही स्वाद मात्र गर्भजलात उतरतात. लसणाचा अर्क असलेल्या कॅप्सूल घेतलेल्या गर्भवतींच्या गर्भजलाला लसणाचा गंध येत असल्याचे अमेरिकेतील १९९५ च्या एका अभ्यासात नोंदले गेले. गरोदरपणात गाजराचा रस घेणाऱ्या मातांच्या बाळांनी गाजराच्या चवीचे अन्न अधिक सहज स्वीकारल्याचे २००१ च्या अभ्यासात दिसून आले. घरच्या चवींशी बाळाची ओळख जन्मापूर्वीच होऊ लागते, एवढाच याचा अर्थ घेता येतो.

छातीत जळजळ का होते

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे गर्भाशयाचे स्नायू शिथिल राहतात. परंतु त्याचबरोबर अन्ननलिका व जठर यांच्यामधील झडपेसारखा स्नायूही सैल पडतो. पचनाची गती मंदावते. शेवटच्या तिमाहीत वाढलेले गर्भाशय जठराला वर ढकलते आणि आम्ल अन्ननलिकेत येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींना छातीत जळजळीचा त्रास होतो. तिखट हे त्याचे मूळ कारण नसले तरी, आधीच चिडलेल्या अन्ननलिकेला ते अधिक झोंबते. तेलाची तर्री, तळलेले पदार्थ, कडक चहा-कॉफी यांनीही हा त्रास वाढतो.

पहिल्या तिमाहीत मळमळ व उलट्यांमुळे फोडणीचा वासही असह्य होऊ शकतो. अशा वेळी थोडे-थोडे आणि वारंवार खावे. या त्रासावर आले उपयोगी पडत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले आहे. दुसऱ्या तिमाहीत बहुतेक स्त्रियांची भूक परतते. पूर्वीपासून तिखटाची सवय असलेल्या स्त्रीने या काळात सोसेल तितके तिखट घेण्यास हरकत नसते. मुळात फिके खाणाऱ्या स्त्रीने मात्र केवळ डोहाळे म्हणून एकदम झणझणीत रस्सा खाणे टाळावे. सातव्या महिन्यानंतर रात्रीचे जेवण हलके व कमी तिखट असावे.

‘दिवस भरल्यावर तिखट खाल्ले की कळा लवकर सुरू होतात’ ही समजूतही विश्वासार्ह पुराव्यावर टिकत नाही. अति तिखटाने जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी होण्याचा संभव मात्र असतो.

त्रास कमी करण्याचे उपाय

तिखट पदार्थ रिकाम्या पोटी खाऊ नये. भाकरी, भात, डाळ किंवा दही यांच्यासोबत तो खावा. ठेच्यात भाजलेले शेंगदाणे किंवा तीळ घातल्यास त्याची तीव्रता घटते आणि पोषणमूल्य वाढते. मिरचीच्या आतील पांढऱ्या शिरांत कॅप्सायसिन सर्वाधिक असते. त्या व बिया काढून टाकल्यास स्वाद राहतो आणि दाह कमी होतो. आले, मिरी, जिरे, कोथिंबीर, लिंबू आणि कढीपत्ता यांच्या साह्याने कमी मिरचीतही जेवण रुचकर होते.

जेवणानंतर किमान दोन तास आडवे होऊ नये. झोपताना डोक्याकडील बाजू थोडी उंच ठेवावी आणि डाव्या कुशीवर झोपावे. जळजळीवर खाण्याचा सोडा घेण्याची जुनी सवय गरोदरपणात टाळणे आवश्यक आहे, कारण त्यातून सोडियम शरीरात जाते. लोणचे, पापड आणि खारवलेल्या मिरच्या यांतूनही मीठ नकळत वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सुचवली आहे.

मिरची जंतू मारत नाही

तिखट, आंबट पदार्थांत जंतू टिकत नाहीत, हा समज गर्भवतीसाठी विशेष घातक आहे. पाणीपुरीचे पाणी कितीही झणझणीत असले तरी, ते दूषित असल्यास त्यातून ‘हिपॅटायटिस ई’ या विषाणूची कावीळ होऊ शकते. अन्य लोकांत हा आजार बहुधा आपोआप बरा होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मात्र त्याने यकृत निकामी होऊ शकते आणि अशा गर्भवतींमधील मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. पावसाळ्यात हा धोका अधिक असतो. पाणीपुरी, भेळ किंवा कच्च्या चटणीचे डोहाळे लागल्यास ते पदार्थ उकळून गार केलेल्या पाण्यात घरीच करावेत. कोथिंबीर, पुदिना आणि मिरच्या स्वच्छ पाण्याने धुऊन घ्याव्यात. चटणी त्याच दिवशी संपवावी.

मसाल्यांतील भेसळ ही दुसरी चिंता होय. लाल तिखटात कृत्रिम रंग किंवा विटेची भुकटी, तर हळदीत शिशाचे क्रोमेट मिसळण्याचे प्रकार यापूर्वी उघड झाले आहेत. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. घरच्या घरी प्राथमिक पडताळणी करता येते. काचेच्या पेल्यातील पाण्यावर चिमूटभर तिखट टाकल्यास, कृत्रिम रंग असल्यास रंगाच्या रेषा खाली उतरताना दिसतात. तळाशी बसलेला गाळ बोटांत खरखरीत लागला तर विटेच्या भुकटीची शंका घ्यावी. हळद पाण्यात टाकल्यावर पाणी गडद पिवळे झाले तर ती वापरू नये. अखंड मिरच्या व हळकुंडे आणून, निवडून, वाळवून गावच्या गिरणीत किंवा कांडपावर दळून घेणे अधिक सुरक्षित ठरते. ओलसर जागेत ठेवलेल्या, बुरशी लागलेल्या मिरच्या टाकून द्याव्यात.

लोहाची गोळी आणि जळजळ

सरकारी कार्यक्रमानुसार गर्भवतीला दुसऱ्या तिमाहीपासून रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची एक गोळी १८० दिवस दिली जाते. या गोळीनेही काहींना मळमळ व जळजळ होते. दोष तिखटाचा की गोळीचा, हे न कळल्याने अनेकदा गोळीच बंद केली जाते. त्याऐवजी गोळीची वेळ बदलावी, ती जेवणानंतर किंवा रात्री घ्यावी आणि याबाबत आशा कार्यकर्ती किंवा डॉक्टरांशी बोलावे. आम्लता कमी करणारे औषध आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. कॅल्शियमच्या गोळीलाही हाच नियम लागू होतो. चहा किंवा दुधाबरोबर लोहाची गोळी घेऊ नये. लिंबू, आवळा व पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. ताजी हिरवी मिरचीही या जीवनसत्त्वाने समृद्ध असते; पालेभाजी-भाकरीसोबत तिचा थोडा ठेचा आणि लिंबाची फोड उपयुक्त ठरते. लोहामुळे शौचास काळसर होणे स्वाभाविक असून त्याने घाबरण्याचे कारण नाही.

महाकोशल आणि विदर्भातील आदिवासी भागांत सिकलसेल आजाराचाही विचार करावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्यविषयक संशोधन संस्था जबलपूर येथे १९८४ पासून कार्यरत असून या आजारावर तेथे दीर्घकाळ काम झाले आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाला. सिकलसेलग्रस्त गर्भवतीला उलट्या-जुलाबांनी पाणी कमी पडल्यास तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. तिने पोट बिघडेल इतके तिखट कटाक्षाने टाळावे आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

‘पित्त’ समजून दुर्लक्ष नको

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर पोटाच्या वरच्या भागात, विशेषतः उजव्या बरगडीखाली दुखू लागले तर ते तिखट खाल्ल्याचे पित्त मानून सोडून देऊ नये. त्यासोबत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, उलट्या अशी लक्षणे असल्यास तो गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाचा गंभीर विकार असू शकतो. त्यात झटके येण्याचा, तसेच माता व बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास तातडीने वैद्यकीय तपासणी हवी. रक्तदाब मोजणे आणि लघवीतील प्रथिने तपासणे या साध्या चाचण्यांनी हा विकार लक्षात येतो. २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची तपासणी मोफत केली जाते.

पाणीही पोटात न ठरणे, उलटीत रक्त दिसणे, डोळे किंवा लघवी पिवळी होणे, सतत जुलाब, योनीमार्गे रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. दुर्गम गावांतून त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.

आधीपासून जठरव्रण, तीव्र आम्लपित्त किंवा मूळव्याध असलेल्या स्त्रियांनी तिखटाचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. इतर निरोगी गर्भवतींनी आपल्या सवयीचे, घरी स्वच्छतेने केलेले तिखट बेताने घ्यावे आणि ताटात डाळ, पालेभाजी, दूध किंवा दही, अंडी अथवा मासळी यांना आधी जागा द्यावी.