ऐकून दिलेले नकार

गॉर्डन हॉल हा अमेरिकन पाद्री १८१३ साली मुंबईला उतरला आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने गेला. मधल्या तेरा वर्षांत त्याने मराठी आत्मसात केली, सहकाऱ्यांबरोबर छापखाना घातला, शाळा काढल्या, बाजारात आणि देवळांच्या आसपास उभे राहून शुभवर्तमान सांगितले. लोक जमत, ऐकत, प्रश्न विचारत आणि घरी जात. बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. पुढेही कित्येक वर्षे चित्र फारसे पालटले नाही.

असे का व्हावे, याची मिशनऱ्यांनी दिलेली कारणे ठरलेली आहेत. एक, हिंदूंचे अंतःकरण पापाने कठीण झाले आहे. दुसरे, जातीच्या बहिष्काराची भीती. आपल्याकडच्या नंतरच्या लेखकांनी याचे उत्तर दिले तेही तितकेच ठरीव आहे. त्यांच्या मते नकार देणारे सगळे धर्मरक्षक. बुरुजावर उभे राहून त्यांनी किल्ला लढवला. गेली काही वर्षे मी त्या काळचे वादग्रंथ, आत्मचरित्रे आणि चरित्रे वाचतो आहे, आणि दोन्ही कथांत एकच उणीव दिसते. नकार देणारा माणूस काय म्हणाला, हे ऐकायला कोणी थांबत नाही. माझे मत असे झाले आहे की, एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात ज्यांनी ख्रिस्ती संदेश सर्वांत लक्षपूर्वक ऐकला, त्यांत नकार देणारे बरेच होते.

गोव्याची गोष्ट वेगळी होती. तिथे सोळाव्या शतकात नकाराचा अर्थ, देव पालखीत घालून नदीपलीकडे नेणे असा झाला. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. तलवार मागे उभी असली की वाद संभवत नाही. इंग्रजी मुलखात पाद्र्याच्या हाती शाळा होती, छापखाना होता, पण सक्ती नव्हती. म्हणून इथे ‘नाही’ म्हणायचे तर ते शब्दांत म्हणावे लागले.

पहिला मोठा प्रसंग १८३१ चा. स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आला होता. विद्वान माणूस, पुराणे वाचून त्यातल्या कथा तो हिंदूंसमोरच उघड करी. त्याच्याशी मोरभट दांडेकरांचा जाहीर वाद झाला आणि त्याच साली मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ छापली. विल्सनने इंग्रजीत उत्तर दिले. मग साताऱ्याच्या नारायणरावांनी ‘स्वदेशधर्माभिमानी’ लिहिला आणि १८३४ मध्ये विल्सनने त्यांनाही उत्तर दिले. या लढाईत मला सर्वांत उल्लेखनीय वाटते ते हत्यार. विल्सन पुराणांना तर्काचा गज लावत होता. या मंडळींनी तोच गज उचलून बायबलाला लावला. देवाने अवतार घेणे हास्यास्पद असेल, तर सुताराच्या घरी जन्म घेणे कसे नाही? कृष्णाच्या लीला अनीतीच्या, तर जुन्या करारातल्या राजांचे आणि कत्तलींचे काय? म्हणजे हे लोक बायबल वाचत होते. टीका करण्यासाठी का होईना, पण वाचत होते. मोरभटांची सगळीच उत्तरे टिकाऊ होती असे मी म्हणणार नाही. कृष्णचरित्राचे समर्थन करताना त्यांची ओढाताण होते. पण कान बंद केलेल्या माणसाची ही लक्षणे नव्हेत.

याच काळात माळव्यात सिहोरला सुबाजी बापू नावाचे एक मराठी ज्योतिषी होते. इंग्रज अधिकारी विल्किन्सनच्या सहवासात त्यांनी कोपर्निकसचे मत मान्य केले आणि पुराणातले भूगोल-खगोल चुकीचे आहेत असे मराठीत लिहिले. मिशनऱ्यांचा एक लाडका होरा असा होता की, मेरुपर्वत आणि क्षीरसागर कोसळले की त्यांच्याबरोबर धर्मही कोसळेल. सुबाजींचा मेरुपर्वत कोसळला. धर्म उभाच राहिला. जॉन म्यूरने ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती मताचा संस्कृत ग्रंथ १८३९ मध्ये काढला, तेव्हा ‘सोमनाथ’ या नावाने पहिले उत्तर आले ते त्यांचेच. त्याचा सूर भांडणाचा नाही. देवानेच माणसांना वेगवेगळे मार्ग दिले, तुमचा तुम्हाला योग्य, आमचा आम्हाला, असे त्यांचे म्हणणे. हे उत्तर मिशनऱ्यांना मोरभटांच्या उत्तरापेक्षा अधिक अवघड गेले असावे. जो तुमचे खोटे म्हणतच नाही, त्याच्याशी भांडायचे कसे?

म्यूरला मिळालेले सर्वांत खोल उत्तर मात्र एका तरुणाचे होते. नीलकंठ गोरे, जन्म १८२५, कोकणस्थ घराणे, वाढ काशीत. पाद्री विल्यम स्मिथला निरुत्तर करावे म्हणून हा मुलगा त्याच्याकडे गेला आणि विशीच्या आतबाहेर असताना त्याने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे प्रश्न थेट मर्मावरचे आहेत. जीव जन्मताच नवा उत्पन्न होत असेल, तर एक आंधळा का जन्मतो आणि एक राजवाड्यात का? मागचा जन्म मानला नाही, तर हा अन्याय देवाच्या माथी येतो. जनावरे कोणत्या पापाबद्दल दुःख भोगतात? आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या चुकीला अंत नसलेला नरक ही शिक्षा कोणत्या दयाळू देवाला शोभेल?

इथे थोडे थांबून शब्दांकडे पाहावेसे वाटते, कारण नकाराचे एक कारण भाषेतच दडलेले होते. ख्रिस्ताने सर्वांच्या पापांचे ‘प्रायश्चित्त’ केले, असे पाद्री मराठीत सांगत. पण मराठी माणसाच्या कानाला प्रायश्चित्त हे ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याने माझ्यासाठी उपास केला म्हणून माझे पोट साफ होत नाही. कर्माचा हिशोबही तसाच, ज्याच्या त्याच्या खात्यावर. निरपराध माणसाने अपराध्याची शिक्षा भोगली, ही पाद्र्याच्या दृष्टीने प्रेमाची परमावधी. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने न्यायातली गफलत. दुसरा शब्द ‘नरक’. पुराणातला नरक कितीही भयंकर असला तरी तिथली मुदत संपते. कायमचा नरक म्हणजे कैदेऐवजी निव्वळ सूड वाटे. आणि तिसरे, योहानाच्या शुभवर्तमानातले ते प्रसिद्ध वचन, ज्यात माणसाने पुन्हा जन्मले पाहिजे असे सांगितले आहे. जन्ममरणाचा फेरा चुकावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वारी करणाऱ्या माणसाला बाजारात उभे राहून सांगायचे, की तू पुन्हा जन्म घे! अर्थ वेगळा होता, हे खरे. पण शब्द आपले जुने नातेवाईक बरोबर घेऊन येतात आणि पाद्र्यांना ते दिसत नव्हते.

गोऱ्यांची कथा इथे संपली असती तर धर्मरक्षकांच्या यादीत त्यांचे नाव वर असते. पण १८४८ च्या मार्चमध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पुढे त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून हिंदू दर्शनांचे खंडन केले, पुण्यात राहून प्रार्थनासमाजाशी वाद घातला आणि पंडिता रमाबाईंवर त्यांचा प्रभाव पडला. त्यांचे चरित्र वाचताना लक्षात येते की, बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. म्हणजे नकार आणि स्वीकार यांच्यामधली भिंत बाहेरून दिसते तितकी जाड नसते. तोच माणूस, तेच प्रश्न.

१८५७ साली जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्याला गर्दी जमे. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजूला पाद्री. त्यांतला जॉर्ज बोवेन मिशनचा पगार नाकारून फकिरासारखा राहणारा, आणि या वादांचा वृत्तान्त इंग्रजीत त्यानेच छापला. प्रतिपक्षाचे म्हणणे नोंदवून ठेवणारा पाद्री दुर्मीळ. त्याचे ऋण मानले पाहिजे. विष्णुबुवांना सनातनी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण त्यांचा ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ (१८५९) उघडून पाहावा. जात जन्मावर नव्हे तर गुणकर्मावर, असे सांगणारा हा माणूस शास्त्रीमंडळींनाही झेपणारा नव्हता. मे महिन्याच्या दहा तारखेला मेरठला उठाव झाला, आणि तरी मे सरेपर्यंत इथे वाळूवर मोक्षाची चर्चा चालू होती.

आता तर्क बाजूला ठेवू. बहुतेक माणसे धर्म तर्काने स्वीकारत नाहीत आणि नाकारतही नाहीत. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागोमाग पाद्र्यांकडे राहायला गेला. मुलगा अजाण म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या हवाली केले. पण पाद्र्यांच्या घरचे अन्न खाल्लेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर ग्रामण्य पेटले. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे या बाजूचे, आणि त्याबद्दल त्यांना पुष्कळ सोसावे लागले. या प्रकरणात येशूबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. वाद होता तो ताटाचा, पाण्याचा आणि आईच्या डोळ्यांचा.

पाद्री ज्याला ‘जातीची भीती’ म्हणत ती हीच. तो भेकडपणा होता असे मला वाटत नाही. ज्या समाजात धर्म बदलला की लेकरू कायमचे परके होते, तिथे नकार ही मायाही असते. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ याची साक्ष आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर नवऱ्याबरोबर राहायला गेल्या तरी पाणी आणि चूल वेगळी. त्यांचे मन वळले ते कोणा पाद्र्याच्या प्रवचनाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न एकदा स्वतःलाच विचारला, आणि सोवळे गळून पडले. ख्रिस्त त्यानंतर आला. दाराला कडी होती ती सोवळ्याची; पाद्री इतकी वर्षे भिंतीवर धक्के देत होते.

तिसरा एक गट आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. यांनी संदेश घेतला आणि चर्च नाकारले. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. पाव खाल्ला, बाप्तिस्मा घेतला नाही. तिचे एक अध्वर्यू दादोबा पांडुरंग यांनी आयुष्याच्या अखेरीस स्वीडनबोर्ग या ख्रिस्ती गूढवाद्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, मोठ्या आदराने; स्वतःला मात्र शीर्षकात ‘हिंदू गृहस्थ’ म्हणवले. याच सभेतले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. एकाच बाकावरची दोन माणसे, दोन दारांनी बाहेर पडली.

आणि जोतीराव फुले. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, पाद्र्यांचे मित्र, त्यांच्या शाळेत शिकवलेले. शूद्रातिशूद्रांना शिकवणाऱ्या मिशनऱ्यांबद्दल त्यांनी सतत कृतज्ञतेने लिहिले. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तेव्हा पुण्यात काहूर उठले. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेतली. येशूला त्यांनी बळीराजाच्या रांगेत बसवले, याहून मोठा मान त्यांच्यापाशी नव्हता. मग ते ख्रिस्ती का झाले नाहीत? उत्तर त्यांच्या अखेरच्या, मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त आहे. तिथे ते एका कुटुंबाची कल्पना करतात. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होईल, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि सगळ्यांनी एका घरात गोडीने नांदावे. एकाच ग्रंथात सगळे सत्य उतरले आहे, हे त्यांना कबूल नव्हते. निर्मीक आणि माणूस यांच्यामध्ये भटाची दलाली त्यांनी मोडून काढली होती. तिथे दुसरा दलाल, तो कितीही सज्जन असो, बसवायची त्यांची तयारी नव्हती. आणखी एक गोष्ट मला दिसते. ज्याला मिशनमध्ये जाऊन शाळा मिळाली असती, त्याने आपली शाळा काढली. १८७३ चा सत्यशोधक समाज हा या नकाराचाच बांधलेला आकार होता.

अर्थात नगर आणि मराठवाड्याच्या खेड्यांत महार-मांग समाजातल्या हजारोंनी बाप्तिस्मा घेतला, विशेषतः दुष्काळाच्या वर्षांत आणि त्यानंतर. त्यांना नुसते ‘भाकरीचे ख्रिस्ती’ म्हणणे हा सवर्णांचा उर्मटपणा आहे. भाकरी आणि माणुसकी एकाच हाताने मिळाली तर माणूस तो हात धरणारच. पण बाप्तिस्म्याने गावकीतली जागा लगेच बदलत नव्हती. पाटलाच्या लेखी येशबा तोच राहिला, फक्त त्याचे नाव योसेफ झाले.

हा अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर होता. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाल्यावर सगळ्या धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्याकडे येत होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ते ख्रिस्ती समाजापुढे बोलले. धर्मांच्या अभ्यासात आपल्याला दोनच व्यक्तिमत्त्वांनी ओढून घेतले, बुद्ध आणि ख्रिस्त, असे त्यांनी सांगितले. मग ते आपल्या हरकतींकडे वळले. दक्षिणेतल्या देवळांत ख्रिस्ती लोक जात पाळतात. शिकलेले ख्रिस्ती आपल्यातल्याच गरिबांच्या हक्कांसाठी लढत नाहीत. ख्रिस्ताच्या शिकवणीबद्दल त्या यादीत एकही हरकत नव्हती.