वर्गणीदारांची यादी



आजचा विषय वरवर पाहता तरुण मंडळींचा आहे. यूट्यूबवर कोणी गाते, कोणी स्वयंपाक दाखविते, कोणी गडकिल्ल्यांची माहिती सांगते. ही मुले-मुली पोट कसे भरतात, असे मला पुष्कळजण विचारतात. जाहिराती हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर म्हणजे चाहत्यांची सभासदी. ज्याला एखाद्याचे काम आवडते तो दरमहा ठरलेली रक्कम देतो; त्याबद्दल त्याला काही जादा गोष्टी पाहावयास मिळतात, काही वेळा नुसते समाधान मिळते. पुष्कळांना ही फार नवी युक्ती वाटते. परंतु गिरणीच्या फाटकाशी पगाराच्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन उभे राहण्यात ज्याची उमेद गेली, त्या माझ्यासारख्या माणसाला तीत नवे फारसे दिसत नाही. ही वर्गणी आहे, आणि वर्गणीला मोठा इतिहास आहे.

अठराव्या शतकापर्यंत युरोपात लेखकाला किंवा गवयाला आश्रय असे तो राजाचा, सरदाराचा किंवा धर्मपीठाचा. आश्रयदाता खूश तर थाळीत अन्न, नाराज तर दार बंद. ह्या गुलामगिरीतून सुटण्याची एक वाट इंग्रज कवी अलेक्झांडर पोप ह्याने चोखाळली. होमरच्या इलियडचे भाषांतर त्याने १७१५ ते १७२० ह्या काळात सहा खंडांत छापले. दर खंडाला एक गिनी ह्याप्रमाणे ५७५ वर्गणीदारांनी ६५४ संच घेतले आणि वर्गणीदारांची नावे ग्रंथात छापली गेली. पोप त्या एका कामावर आयुष्यभराचा स्वतंत्र झाला. एका सरदाराच्या जागी पाऊणशे कमी साडेसहाशे मालक आले, म्हणजे खरे तर मालक कोणीच उरला नाही. वर्गणीचा हा पहिला गुण ध्यानात ठेवावा: देणारे पुष्कळ झाले की कोणा एकाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

पण हिला दुसरी बाजू आहे. सॅम्युएल जॉन्सनने आपल्या इंग्रजी शब्दकोशाची योजना १७४७ साली लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून लिहिली. लॉर्डसाहेबांनी जवळजवळ सात वर्षे विचारपूस केली नाही, आणि कोश पुरा होत आला तेव्हा स्तुतीचे लेख लिहिले. त्यावर फेब्रुवारी १७५५ मध्ये जॉन्सनने त्यांना लिहिलेले पत्र जगप्रसिद्ध आहे. असा हा स्वाभिमानी माणूस. परंतु शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी १७५६ मध्ये त्याने वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला, दीड वर्षात ग्रंथ देतो म्हणाला, आणि ग्रंथ बाहेर पडला तो १७६५ साली. मधल्या काळात चार्ल्स चर्चिल नावाच्या कवीने त्याची जाहीर टर उडविली. वर्गणीदारांची यादी का छापली नाही असे विचारता, नावे हरवली आणि पैसेही संपले, अशा अर्थाचे उत्तर जॉन्सनने दिल्याचे त्याच्या चरित्रकाराने, बॉस्वेलने, नमूद केले आहे. आपण हसतो, पण एखाद्या युनियनच्या खजिनदाराने असे उत्तर दिले तर आपण हसू काय? आगाऊ घेतलेली वर्गणी हे कर्ज असते. सरदाराची मेहेरबानी विसरता येते, शंभर माणसांचा विश्वास विसरता येत नाही.

तिसरे उदाहरण मोझार्टचे. १७८४ च्या वसंतात व्हिएन्नात त्याने तीन मैफलींची वर्गणी लावली, तिन्ही मिळून सहा फ्लोरिन. १७४ नावे जमली. ती यादी त्याने आपल्या वडिलांना पत्रातून कळविली. एखादा मुलगा परीक्षेचा निकाल कळवितो त्या अभिमानाने. पाच वर्षांनी, १७८९ मध्ये, त्याने पुन्हा यादी फिरविली. दोन आठवड्यांनंतर तिच्यावर एकच नाव होते, व्हान स्वीटन ह्यांचे. मोझार्टची कला काही आटली नव्हती. १७८८ पासून ऑस्ट्रिया तुर्कांशी लढत होता; लढाईने पैशाची टंचाई केली आणि सरदारमंडळींचे लक्ष मैफलींवरून उडाले. ज्या वर्गाच्या खिशावर आपण जगतो त्या वर्गाचा खिसा आखडला की कलावंताची चूल विझते. ज्याचे वर्गणीदार एकाच थरातले, त्याने हे विसरू नये.

आपल्याकडेही ह्या दोन्ही वाटा होत्या. तमाशाच्या फडात दौलतजादा होई; रसिकाने पैसे द्यावेत आणि कलावंताने त्याची फर्माईश पुरी करावी. उलट, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मंडळाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, ग्राहक जमविले आणि तेवीस खंड पुरे केले. दौलतजादा आणि वर्गणी ह्यांत मोठा फरक आहे. दौलतजादा लहरीवर चालते, आणि ती करणाऱ्याला पुष्कळदा वाटू लागते की समोर नाचणारी बाई आपल्या मालकीची झाली. वर्गणी नियमित असते, थोडीथोडी असते, आणि ती देणाऱ्याला मालकी देत नाही, सभासदत्व देते.

आता आजच्या काळाकडे येऊ. २००८ मध्ये केव्हिन केली ह्या अमेरिकन लेखकाने एक हिशेब मांडला. कलावंताला लाखो प्रेक्षकांची गरज नाही. एक हजार खरे चाहते वर्षाला शंभर डॉलर देतील तर वर्षाचे एक लाख डॉलर होतात. पुढे २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅक कॉन्टी हा संगीतकार आणि सॅम याम हा तंत्रज्ञ ह्यांनी पेट्रिऑन ही कंपनी काढली. कॉन्टीने एका गाण्याच्या चित्रफितीवर अतोनात खर्च आणि मेहनत केली होती, आणि जाहिरातींतून हाती येणारी रक्कम नगण्य आहे हे त्याला दिसत होते. म्हणून थेट देणाऱ्या चाहत्यांची ही सोय निघाली. यूट्यूबने जानेवारी २०१७ मध्ये सुपर चॅट आणले. थेट प्रक्षेपण चालू असता पैसे भरणाऱ्याचा संदेश ठळक दिसतो. ही आपली दौलतजादाच. २०१८ मध्ये त्यांनी मासिक सभासदी आणली. ही वर्गणी. तिच्यातून कर वजा जाता उरलेल्या शंभर रुपयांतले सत्तर निर्मात्याचे, तीस कंपनीचे.

येथे कामगाराचा प्रश्न सुरू होतो. पोप आणि त्याचा वाचक ह्यांच्यामध्येही प्रकाशक होताच. मध्यस्थ नको असे मी म्हणत नाही. पैसे वसूल करणे, हिशेब ठेवणे, चित्रफिती साठविणे ह्याला खर्च येतो. प्रश्न असा की नियम कोण ठरवितो आणि यादी कोणाच्या हाती राहते. मोझार्टची यादी मोझार्टच्या खिशात होती. पेट्रिऑनवर निर्मात्याला आपल्या सभासदांचे ई-मेल पत्ते मिळू शकतात; यूट्यूबवर ते मिळत नाहीत. तेथे वाहिनी बंद झाली तर सभासदांना साधे पत्र धाडण्याचीही सोय उरत नाही. मजुराची अवजारे मालकाच्या कोठीत कुलूपबंद असावीत, तसा हा प्रकार आहे.

नियम एकतर्फी बदलले की काय होते हेही पाहावे. डिसेंबर २०१७ मध्ये पेट्रिऑनने जाहीर केले की दर वर्गणीमागे देणाऱ्याने २.९ टक्के आणि वर ३५ सेंट जादा भरावे. म्हणजे एक डॉलर देणाऱ्याला सुमारे १ डॉलर ३८ सेंट पडणार. पन्नास डॉलर देणाऱ्याला हा भार फारसा जाणवणार नव्हता; पाच जणांना एकेक डॉलर देणारा मात्र भरडला जाणार होता. छोटे वर्गणीदार पटापट गळू लागले, निर्मात्यांनी एकच गिल्ला केला, आणि आठवड्याभरात कंपनीने माफी मागून बेत मागे घेतला. एकेक डॉलरवाल्यांची ही ताकद, बरे का!

जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरातीच्या वाट्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास पाहणी अशी अट घातली. असंख्य लहान निर्माते एका रात्रीत बाहेर पडले. त्याच मार्चमध्ये यॉर्ग श्प्रावे ह्या जर्मन निर्मात्याने यूट्यूबर्स युनियन स्थापन केली, आणि जुलै २०१९ मध्ये आयजी मेटल ही जर्मनीतील धातुकामगारांची बलाढ्य संघटना तिच्या पाठीशी उभी राहिली. फेअरट्यूब हे त्या मोहिमेचे नाव. मागण्या ओळखीच्या होत्या: निर्णयाची कारणे सांगा, बोलायला जिवंत माणूस द्या, तंट्यासाठी निःपक्षपाती लवाद नेमा, नियम ठरविताना आम्हांला बसवा. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्यांना कॅमेऱ्यापुढे बसणारा आपला भाऊ वाटला, ही गोष्ट मला ह्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

तेव्हा आपल्या गावातील जो तरुण ह्या मार्गाने जाऊ पाहतो त्याला माझे सांगणे थोडे आहे. पुरे करता येईल तेवढेच वचन द्यावे. सभासदांची यादी, जमेल त्या मार्गाने, स्वतःजवळही ठेवावी. एकाच कंपनीवर आणि एकाच थरातील लोकांवर सारा संसार टांगू नये. आणि आपल्यासारख्या इतरांशी संघटित राहावे. एकट्याच्या अर्जाला उत्तर येत नाही, हजारांच्या अर्जाला येते.

आणि आपण जे देणारे आहोत त्यांनाही एक सांगणे आहे. महिन्याला शंभर रुपये दिले म्हणून कलावंत आपला नोकर होत नाही. त्याच्याकडे कामाचा हिशेब मागावा, लाचारी मागू नये. वर्गणी हा बरोबरीच्या माणसांतला व्यवहार आहे. तो तसाच राहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.