जात्यापाशी मिळालेली भाषा

काही दिवसांपूर्वी परभणी जिल्ह्यातील झरी या गावी एका परिचित कुटुंबाकडे जाण्याचा आम्हांस योग आला. ओसरीवर चहा घेत बसलो असता घरातील तीन वर्षांची पणती पिठाने माखलेले हात नाचवीत धावत आली आणि म्हणाली, “आजी, म्या भाकर करली!” पंच्याऐंशीच्या घरातील त्या आजी हसल्या. चूक दाखविण्याच्या भरीस त्या पडल्या नाहीत. “माझ्या बाईनं भाकर केली व्हय? दाव बरं!” एवढेच त्या बोलल्या.

‘करली’ हा शब्द त्या चिमुरडीने कोठून आणला? घरातील कोणीही मोठे माणूस तसे बोलत नाही. बसली, पळली, हसली अशी असंख्य रूपे ऐकून तिने आपल्याच मनाशी एक नियम बांधला आणि तो ‘कर’ या धातूला लावला. म्हणजे ती चूक अज्ञानाची नव्हे, बुद्धीची होती. आजींनी योग्य रूप परत दिले, पण रागावून नव्हे, कौतुकात गुंडाळून. मूल भाषा कशी शिकते, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या ओसरीवरच मिळाले.

हा प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात आपण बोलावयास कसे शिकलो याची आठवण मांडली आहे. मोठी माणसे एखाद्या वस्तूकडे वळून तिचे नाव घेत आणि तेवढ्यावरून आपण शब्द टिपत गेलो, असे तो सांगतो. पुढे तो आणखी मार्मिक गोष्ट सांगतो. लॅटिन भाषा त्याला दायांच्या लाडात आणि हसण्याखेळण्यात आपोआप आली. ग्रीक मात्र शाळेत धाकदपटशाने शिकविली गेली आणि ती त्याला नकोशी झाली.

ऑगस्टीनच्या अनुभवात आधुनिक संशोधनाने बरीच भर घातली आहे. आईच्या उदरात असतानाच बाळाच्या कानी तिचा आवाज पडत असतो. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी आपल्या ‘त’ आणि ‘ट’ या वर्णांविषयी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील या दोन ध्वनींमधला फरक ओळखता येतो, परंतु वर्षाची होईतो त्यांची ही क्षमता बरीच ओसरते. जे कानी पडत नाही, ते कान सोडून देतो. पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच बाळ आपल्या घराची भाषा निवडून बसलेले असते.

आणि कानी काहीच पडले नाही तर? सोळाव्या शतकात अकबर बादशहाने हे पाहण्यासाठी काही तान्ही मुले एका वेगळ्या वास्तूत ठेवली. त्यांच्यापाशी कोणी बोलावयाचे नाही, अशी आज्ञा होती. अबुल फझलने ‘अकबरनामा’त या गुंग महालाची हकीकत दिली आहे. १५८२ साली बादशहा तेथे गेला, तेव्हा त्या मुलांच्या तोंडून भाषेचा एक शब्दही निघाला नाही. जेरोम झेवियर या येशूसंघीय धर्मगुरूंच्या पत्रातही या प्रयोगाचा उल्लेख आहे. भाषा ही मुलाला देणगी म्हणून मिळते, पण ती कोणीतरी द्यावी लागते, हाच या क्रूर प्रयोगाचा धडा होय.

देणारे घर जागे असेल, तर राजसत्तेचेही काही चालत नाही. याचा दाखला आपल्या ख्रिस्ती समाजाच्याच इतिहासात आहे. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत सिद्ध केले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने मात्र, गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. या हुकमामागे काही मिशनऱ्यांचाही आग्रह होता, हे आम्हांस लपविता येणार नाही. परंतु तो हुकूम चुलीपर्यंत पोहोचला नाही. आयांनी बाळांना कोकणीतच निजविले आणि १९८७ साली तीच कोकणी गोव्याची राजभाषा झाली.

झरीच्या आजींचे बालपणही अशाच दुहेरी काळातले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील सुमारे चतुर्थांश प्रजा मराठी बोलणारी, पण दरबारची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. आजींचे थोरले बंधू परभणीस शिकावयास राहिले आणि उर्दूतून गणित-भूगोल शिकले. सुटीत घरी आले, की आईशी मात्र मराठीत बोलत. आजी स्वतः शाळेत गेल्या नाहीत. त्यांची शाळा पहाटेचे जाते. आईच्या मांडीवर डोके ठेवून, दळणाच्या घरघरीत त्यांनी ओव्या ऐकल्या. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुढे महाराष्ट्रातील बायाबापड्यांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, यावरून ही शाळा केवढी मोठी होती हे ध्यानी यावे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्या दिवशी मराठी नव्याने आणावी लागली नाही, ती घरात होतीच.

आजींचे बंधू शेवटपर्यंत सुरेख उर्दू लिहीत. त्याने त्यांच्या मराठीचे काही बिघडले नाही. एका मुखात दोन भाषा सुखाने नांदतात. म्हणून इंग्रजी शाळांना दोष देणे आमच्या मनात नाही. आमची चिंता वेगळी आहे. आमच्या धर्मग्रामातील घरी गेलो, की आई-बाप आपल्या बाळाशी तुटक, उसन्या इंग्रजीत चार आज्ञा बोलताना दिसतात. ‘सीट डाऊन’, ‘ईट’, ‘डोंट टच’. गोष्ट नाही, गाणे नाही, थट्टा नाही. मग बाळाच्या हाती मोबाईल देऊन घर गप्प होते. जे व्हाइसरॉयला आणि निजामाला साधले नाही, ते आपण आपल्या हातांनी उंबरठ्याच्या आत करीत आहोत.

बालकाच्या बाप्तिस्म्यात ‘एफ्फाथा’ हा लहानसा विधी आहे. त्या वेळी धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि मग मुखाला स्पर्श करतो. इतकी वर्षे आम्ही तो करीत आलो. झरीहून परतल्यावर प्रथमच ध्यानी आले, की स्पर्शाचा मान आधी कानांचा आहे. मुख उघडावे असे वाटत असेल, तर त्या कानी आधी आपल्या मायेचे काहीतरी पडले पाहिजे.

झरीची ती मुलगी एव्हाना ‘केली’ म्हणू लागली असेल. कोणी तिला ते शिकविले नाही. कोणीतरी तिच्याशी बोलत राहिले, इतकेच.