द्वेषास उत्तर

२०१६ सालीं आमच्या आकुर्डीशेजारीं पिंपरीस साहित्य संमेलन भरलें, तेव्हां नियोजित अध्यक्षांस धमक्या आल्या होत्या. २०२० सालीं उस्मानाबादच्या संमेलनापूर्वीं तोच प्रसंग वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांजवर आला. ज्यांनीं बायबल सुबोध मराठींत आणलें, त्यांस ख्रिस्ती धर्मगुरु म्हणून विरोध झाला. शत्रूवर प्रीति करावी, ही ख्रिस्ताची शिकवण. परंतु प्रीति म्हणजे मौन नव्हे. पाठीच्या दुखण्यानें जर्जर असतांही ते व्यासपीठावर गेले, आणि गोरक्षणाच्या नांवाखालीं होणाऱ्या हत्यांचा व जवाहरलाल नेहरू विद्यापीठांतील मारहाणीचा त्यांनीं निषेध केला. आपणांवरील द्वेष सोसावा, दुसऱ्यावरील अन्याय सोसूं नये, हा विवेक २०२४ सालीं निवर्तलेल्या या धर्मगुरूंनीं आम्हां मराठी वाचकांस शिकविला.