मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया : पुरुष आणि स्त्रियांमध्ये नेमका काय फरक असतो?

मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी स्नायूंची पिशवी. कर्करोगामुळे ती पूर्ण काढावी लागली, तर त्या शस्त्रक्रियेला ‘रॅडिकल सिस्टेक्टॉमी’ म्हणतात. मात्र शस्त्रक्रियेत फक्त मूत्राशय काढले जात नाही. शेजारचे कोणते अवयव काढायचे, कोणते वाचवायचे आणि पुढे लघवी कुठून जाणार, हेही त्यात ठरते. रुग्णाचे नंतरचे आयुष्य या निर्णयांवर अवलंबून असते.

ही शस्त्रक्रिया कधी करतात?

कर्करोग मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरताच असेल, तर बहुतेकदा लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात आणि मूत्राशयात औषध सोडतात. गाठ स्नायूच्या थरात शिरली असेल किंवा बीसीजी औषधाला दाद न देता पुन्हा पुन्हा येत असेल, तर मूत्राशय काढण्याचा सल्ला दिला जातो. गाठ स्नायूत शिरलेली असेल आणि मूत्रपिंडे चांगली असतील, तर आधी सिस्प्लॅटिनयुक्त केमोथेरपी देतात. काही निवडक रुग्णांमध्ये गाठ खरवडून, केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देऊन मूत्राशय वाचवता येते.

पुरुषांमध्ये काय काढतात?

मूत्राशयासोबत प्रोस्टेट ग्रंथी, वीर्यकोश आणि ओटीपोटातील लसिका ग्रंथी काढतात. मूत्रमार्गात कर्करोग पोहोचला असेल, तर तोही काढावा लागतो.

प्रोस्टेट आणि वीर्यकोश गेल्यावर वीर्यस्खलन होत नाही. त्यामुळे पुढे मूल हवे असल्यास शस्त्रक्रियेआधी, आणि केमोथेरपी द्यायची असल्यास तिच्याही आधी, शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल विचारावे. लिंगाच्या ताठरतेसाठी लागणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी जातात. गाठ त्यांच्यापासून दूर असेल, तर सर्जन त्या वाचवण्याचा प्रयत्न करू शकतात. तरीही ताठरता पूर्वीसारखी राहीलच याची खात्री देता येत नाही.

स्त्रियांमध्ये काय काढतात?

पारंपरिक पद्धतीत मूत्राशय, मूत्रमार्ग, लसिका ग्रंथी, गर्भाशय, बीजनलिका, बीजांडकोश आणि योनीची पुढची भिंत, असे सगळेच काढले जात असे. योनीची भिंत काढल्याने योनीमार्ग अरुंद किंवा आखूड होतो आणि शरीरसंबंध वेदनादायक होऊ शकतात. पाळी चालू असलेल्या स्त्रीचे दोन्ही बीजांडकोश काढले, तर रजोनिवृत्ती एकदम येते. अंगातून वाफा निघणे आणि हाडे ठिसूळ होणे असे त्रास त्यातून होतात.

आता प्रत्येक स्त्रीमध्ये हे सगळे काढण्याची गरज मानली जात नाही. गाठ मूत्राशयाच्या मागच्या भिंतीत किंवा तळाशी नसेल आणि शेजारी पसरलेली नसेल, तर गर्भाशय, बीजांडकोश आणि योनीची भिंत वाचवता येऊ शकते. घराण्यात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग असेल, तर बीजांडकोशाबाबतचा निर्णय वेगळा होऊ शकतो. हा विषय संकोचामुळे अनेकदा बोललाच जात नाही. “माझे कोणते अवयव काढणार आणि का?” हे स्पष्ट विचारावे.

पोट उघडून की रोबोटने?

उघड्या शस्त्रक्रियेत बेंबीखाली उभा छेद घेतात. रोबोटिक पद्धतीत लहान छिद्रांतून उपकरणे आत जातात, पण ती चालवतो सर्जनच. ‘रेझर’ या अमेरिकेतील अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन वर्षांत कर्करोग आटोक्यात ठेवण्यात रोबोटिक पद्धत उघड्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही, असे त्यात दिसले. रोबोटिकमध्ये रक्तस्राव कमी होतो, खर्च मात्र जास्त येतो. सर्जनचा या शस्त्रक्रियेतील अनुभव यंत्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

नंतर लघवी कुठून जाते?

त्यासाठी आतड्याचा तुकडा वापरतात. मुख्य मार्ग तीन आहेत.

• इलियल कॉन्ड्युइट : लहान आतड्याच्या साधारण १५ ते २० सेंटिमीटर तुकड्याला मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचे तोंड पोटावर काढतात. त्याला स्टोमा म्हणतात. लघवी सतत बाहेरच्या पिशवीत जमते. हा सर्वात जास्त वापरला जाणारा आणि तुलनेने सोपा मार्ग आहे.

• निओब्लॅडर : आतड्याच्या सुमारे ५० ते ६० सेंटिमीटर तुकड्यापासून नवी पिशवी शिवून ती मूत्रमार्गाला जोडतात. बाहेर पिशवी लागत नाही. पण लघवीची पूर्वीसारखी जाणीव होत नाही, म्हणून घड्याळ लावून जावे लागते. रात्री लघवी गळू शकते. काहींना, विशेषतः स्त्रियांना, पिशवी पूर्ण रिकामी करण्यासाठी स्वतः कॅथेटर घालावा लागतो. मूत्रमार्गात कर्करोग असल्यास किंवा मूत्रपिंडे कमजोर असल्यास हा मार्ग योग्य नसतो.

• पोटातील पिशवी : आतड्याची पिशवी पोटाच्या आत बनवून पोटावर छोटे छिद्र ठेवतात. त्यातून दिवसातून अनेकदा कॅथेटरने लघवी काढावी लागते.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

स्टोमाची जागा शस्त्रक्रियेआधीच पोटावर खूण करून ठरवावी. रुग्णाला बसवून, उभे करून आणि वाकवून पाहावे. साडीची निरी, परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे येतो ती जागा टाळावी, नाहीतर पिशवी नीट चिकटत नाही आणि गळते.

ही मोठी शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग, आतड्यांची हालचाल मंदावणे आणि पायातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणे हे धोके असतात. धूम्रपान शस्त्रक्रियेआधीच सोडावे. तंबाखूचा धूर हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वात मोठे कारण आहे आणि धूम्रपानाने जखम भरायलाही वेळ लागतो. नंतर अनेक वर्षे स्कॅन, मूत्रपिंडांची तपासणी, रक्तातील आम्लता आणि बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी पाहावी लागते, कारण आतड्याचा एक भाग आता लघवीसाठी वापरलेला असतो.

लघवीतून रक्त गेले, दुखत नसले आणि एकदाच गेले असले तरी, मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. कर्करोग स्नायूत शिरण्याआधी सापडला, तर मूत्राशय वाचण्याची शक्यता बरीच वाढते.